ओब्दुलियाच्या नावाचा दाखला

माझी चुलतबहीण ओब्दुलिया हिनं जन्मात शतावरीचा एक कोंब कापलेला नाही. तरी कोंब कापल्याचा दाखला मात्र तिच्या नावाचा! जळते मी तिच्यावर. आडपडदा कशाला?

झालं असं. मिचोआकान या आमच्या मुलखातून आम्ही दोघी एकाच चोरवाटेनं सरहद्द ओलांडून आलो. स्टॉकटनला मुकादमाच्या वहीत तिचं नाव लागलं आणि शेतात पाऊल टाकायच्या आधीच तिला उलट्या सुरू झाल्या. दिवस गेले होते. तिच्या जागी मी उभी राहिले. नाव बदलायच्या भानगडीत आमच्यात कुणी पडत नाही. माणूस भरला की झालं. दोन हंगाम 'ओब्दुलिया' अशी हाक आली की मी 'ओ' द्यायची. ती घरात पडदे ओढून, पोर मांडीवर घेऊन बसलेली. धरपकडीच्या गाडीच्या भीतीनं कोपऱ्यावरच्या दुकानापुढे गेली नाही कधी.

सत्त्याऐंशी साली नवा कायदा लागू झाला. शेतात नव्वद दिवस राबल्याचा पुरावा द्या, राहायचे कागद घ्या. टीव्हीवर कोटवाले भांडत होते, यांना ठेवा की हाकला. मी धावत मुकादमाकडे गेले.

"दाखला ओब्दुलियाचा निघेल," नाझारिओ मुकादम म्हणाला. "एका जागेवर दोन बाया दाखवल्या तर मालक मलाच हाकलेल."

"कंबर माझी मोडली, नाझारिओभाऊ!"

"कंबर वहीत लिहीत नाहीत, बाई."

तरी मी कागदांच्या कचेरीत गेलेच. वाकून मातीलगत सुरी कशी घालायची, सगळं सांगितलं. हाताचे घट्टे दाखवले. साहेबानं एवढंच विचारलं, "दाखला?" दोन मिनिटांत मी बाहेर.

मग एका रविवारी सकाळी ओब्दुलिया आली.

"ताई, शुक्रवारी मला बोलावलंय. साहेब कामाचं खोदून विचारतो म्हणे. शिकव ना मला! कागद झाले की आईला उजळ माथ्यानं भेटून येईन."

माझीही आई तिकडेच आहे. पाच वर्षं झाली. हे काही तिच्या डोक्यात आलं नाही, आणि माझं टाळकं फिरलं.

"शतावरी झाडाला लागते," मी म्हटलं. "शेंगांसारखी लोंबते. उंच शिडी लावायची, एका हातानं फांदी धरायची, दुसऱ्यानं तोडायची."

"अगं बाई! पडत नाही का कुणी?"

"मी दोनदा पडले."

तिनं माझा हात गालाला लावला. लाज वाटली मला. पण शिडी काही परत घेतली नाही. जाऊ दे तिला, तोंडावर आपटू दे, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी दुपारी ती कार्ड नाचवतच आली.

"तू सांगितलंस तस्संच सांगितलं! साहेब अगदी शहरातला पोरगा गं. शिडी किती फुटी, तेही लिहून घेतलं त्यानं. मी म्हटलं बारा. आणि पडल्याचं माझंच म्हणून सांगितलं, चालेल ना? तर म्हणतो, 'फार कष्टाचं काम करता हो बाई तुम्ही.'"

माझ्या खऱ्याला दोन मिनिटं, आणि माझ्या थापेला कार्ड! हसावं की तिचा गळा धरावा, कळेना. तिनंच माझ्या गळ्यात हात टाकले, रडली, नाक पुसलं.

"मंगळवारच्या बसनं निघते गं. काकू विचारेलच. तू कधी येतेस म्हणून सांगू?"