ते माझं कपाळ नव्हे, डोळा आहे!

"ए डबड्या, तू मरणार कधी?"

हा प्रश्न ओवीने मला भर वर्गात विचारला. वर्गातल्या मनवा आणि नीलने तिच्याशी पैज लावली होती, सगळ्यांसमोर विचारून दाखव, नाहीतर तू घाबरट. ओवी हल्ली कुणाच्या बापाला घाबरत नाही. ती बाकावर चढली, मला तोंडासमोर धरलं आणि विचारलं. अख्खा वर्ग खो खो हसला. मी काय बोलणार? माझी बॅटरी उतरली होती.

मित्रांनो, आता बॅटरी भरलेली आहे, तेव्हा ऐका. मी एक जुना कॅमकॉर्डर आहे. तळहातावर मावतो, बाजूचा छोटा पडदा उघडला की जागा होतो. आणि मला माणसांच्या हातांची शिसारी आली आहे.

मी जन्मलो त्या कारखान्यात हवासुद्धा गाळून आत सोडत. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. उघडं बोट म्हणजे काय, हे माझ्या भिंगाला माहीतच नव्हतं. तिथून मी थेट करी रोडला आलो, रमाकांतरावांच्या घरी. त्या दिवशी त्यांच्या मुलीचं, म्हणजे ओवीचं बारसं होतं. एका काकांनी मला कौतुकाने उचललं. त्याच हाताने त्यांनी नुकताच बटाटेवडा संपवला होता. शी! तो तेलकट ठसा घेऊन मी पाळणा टिपला.

पुढे तर विचारूच नका. रमाकांतराव माझी काच कशी पुसतात, सांगू? आधी जवळ येऊन "हाऽऽ" करून तोंडाची वाफ सोडतात, वाफेला कांद्याचा वास. मग बनियनचं टोक. तेही बनियन अंगात असतानाच! वर म्हणतात, "बघ, कसा चकाचक!" मला ओकारी येते, पण ओकायला तोंड नाही.

ओवी मोठी झाली आणि मला खरं काम मिळालं. ती प्रवासाच्या फिल्म बनवते. प्रवास म्हणजे लगेच बर्फाचे डोंगर आणू नका डोळ्यांपुढे. ती ठाकूरद्वारच्या वाड्यावाड्यांतून पायी फिरते, भेटेल त्याला बोलतं करते, आणि मी टिपतो. मी एवढासा असल्यामुळे माणसं बुजत नाहीत. तिची ठाकूरद्वारची फिल्म शाळेत दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत निम्म्या माझ्या होत्या, असं मी मानतो.

पण हळूहळू माझ्या चित्रात एका कोपऱ्यात पिवळट धुकं दिसू लागलं. दर वर्षी ते पसरत गेलं. मनवा म्हणाली, "ओवी, तुझ्या फिल्मला कावीळ झालीये." नील म्हणाला, "भंगारात दे गं त्याला. माझ्याकडे आहे तसा नवा घे." ओवीचंही मन डळमळलं. दिवाळीच्या सुट्टीत ती मामाबरोबर मालवणपासून विजयदुर्गपर्यंत किनाऱ्याने फिरून तिची पहिली मोठी फिल्म करणार होती. सोबत कोण जाणार, मी की नवा, एवढाच प्रश्न होता. मी गेलो नाही तर माझी जागा माळ्यावर, झुरळांच्या शेजारी. नुसत्या विचाराने अंगावर काटा येतो.

ओवीने परीक्षा घ्यायची ठरवली. नीलचा नवा कॅमेरा आणि मी, दोघांनाही ती भायखळ्याच्या भाजीबाजारात घेऊन गेली; नील आणि मनवाही सोबत होते. अळूच्या जुड्या विकणाऱ्या गंगुबाईंना दोघांनी टिपलं. मग ओवीने त्यांना आधी नवी फिल्म दाखवली.

"ही कोण गं?" गंगुबाईंनी विचारलं. "माझी धाकटी जाऊ?"

नव्या कॅमेऱ्याने त्यांच्या सगळ्या सुरकुत्या पुसल्या होत्या. बाजाराचा गलबला कमी करताना त्यांची आरोळीही गिळली होती. शी शी! जिने उभा जन्म या ओट्यावर काढला, तिला साबणाच्या जाहिरातीत बसवलं!

"अगं, ते बंद करता येतं," नील घाईघाईने म्हणाला आणि बटणं दाबत सुटला. करताही येत असेल. पण त्याला सापडेपर्यंत गंगुबाईंचं अळू संपलं.

मग त्यांनी मी टिपलेलं पाहिलं. "हां, ही मी!" त्या खूश झाल्या. आणि लगेच, "पण मला कावीळ कधी झाली?"

मनवा हसून हसून ओट्यावर बसली. ओवी मात्र हसली नाही. घरी येऊन तिने बाबांना सांगितलं, "दसऱ्यानंतर दुकानात जाऊ." मी समजलो. संपलं.

दसरा उजाडला. ओवीचे आजोबा गिरणीत आपला साचा, म्हणजे माग, पूजायचे. रमाकांतराव घरातली विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू पूजतात. पाटावर मिक्सर, लॅपटॉप, इस्त्री आणि मी. ओवीला वाटलं, माझी शेवटची फिल्म म्हणून पूजाच टिपावी. तिने मला पाटावरच चालू केलं आणि पडद्यात बघत बसली. बाबांनी हळदीकुंकवात बोट बुडवलं. मिक्सरच्या झाकणाला लावलं. लॅपटॉपच्या पाठीला लावलं. मग ते ओलं, पिवळं, भलंमोठं बोट माझ्याकडे यायला लागलं...

"बाबा, थांबा! काय करताय?"

"गंध लावतोय गो. दरवर्षी लावतो."

"कुठे?"

"कपाळाक."

"ते कपाळ नाहीये! डोळा आहे त्याचा!"

मित्रांनो, माझ्या भिंगाला पापणी आहे. मी झोपलो की मिटते. दर दसऱ्याला बाबा त्या पापणीवर ओली हळद थापत, आणि मी जागा झालो की ती पापणीबरोबर आत ओढली जाई. किती वर्षं मी हे सोसलं!

"तरीच," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्याने पुसते, तर पिवळं जातच नाही."

"आई, तू पण?"

बाबांचं बोट तसंच हवेत राहिलं. "मी तर चांगल्यासाठीच करत होतो गो," ते हळूच म्हणाले. "आमच्या बाबांचा साचा असाच पूजलेला. कधी बंद पडला नाही."

तेव्हा मला त्यांची दया आली. थोडीशीच.

ओवीने नीलकडून मऊ ब्रश आणि रबरी फुंकणी आणली. पापणीच्या फटीतून कोरडी हळद भुरभुर खाली पडली. मग कोरड्या मऊ कापडाने तिने काच पुसली, श्वास रोखून. संध्याकाळी टीव्हीवर तिने बाबांचा चेहरा लावला. लख्ख. धुकं नाही. कपाळावरची एकेक आठी जागच्या जागी.

खोटं कशाला बोलू, अंधारात मला कमी दिसतं आणि चालताना मी थरथरतो. तिथे नीलचा माझ्यापेक्षा सरस आहे. पण वस्तू बिघडली असं म्हणण्याआधी, मित्रांनो, आपण तिला काय काय फासलं, ते एकदा बघत जा. आणि लाड करायचे असतील तर हात कोरडे करून करा.

ओवी टीव्हीसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. दुकानात जायचं नाही. मालवणला हाच येणार. याला अंधारात दिसत नाही ना, मग मी उजेडात फिरेन. आणि आजपासून याला गंध, फडकं, बनियन, काहीही लावलंत, तर फिल्मच्या शेवटी नावं येतात ना, तिथे 'डोळ्यात हळद घालणारे' म्हणून तुमची नावं टाकणार. आडनावासकट!"