तीनदा धुतलेला पडदा

चिमट्यात धरलेला पडदा तिने पुन्हा एकदा पाण्यात खळबळला. बाळ ज्या पिशवीत वाढतं, त्या पिशवीचा हा पडदा. कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. प्रसूतीनंतर बाया तो राजीखुशीने देत आणि प्रयोगशाळेत तो एका औषधात टिकवून ठेवत. वापरण्याआधी एकदा धुवायचा, ही प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांची पद्धत. आज तिने तीनदा धुतला. का, तर पुढे हाच पडदा मावशीच्या कर्करोगाच्या गाठीवर वापरायचा होता. आई गेल्यावर जिने वाढवलं, तिच्या बाबतीत कसर म्हणून ठेवायची नव्हती. मग तिने तो बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर अंथरला.

सोमवारी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एरवी पडद्याखाली पेशी मरून पडलेल्या दिसत. आज त्या ठणठणीत होत्या, उलट वाढल्या होत्या. मग तिने दुसऱ्या बशीत पडदा न ठेवता नुसतं ते टिकवायचं औषध टाकून पाहिलं. त्या बशीतल्या सगळ्या खलास! म्हणजे पेशींना पडदा मारतच नव्हता. नीट न धुतल्यामुळे राहिलेलं औषध मारत होतं.

सरांनी ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं.

"तीनदा धुवायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं, सर?"

"गेल्या वर्षीच कळलं. अगं, पडद्यात दम आहे, पुढेमागे सिद्धही होईल. तोवर काय काम बंद पाडायचं?"

"आणि माझी मावशी? ऑपरेशन पुढे ढकला म्हणालात तिला. इथेच, याच खोलीत, माझ्यासमोर."

सर चष्मा पुसत राहिले. हिला मी मुलगी मानतो, असं चारचौघांत सांगणारा हा माणूस! केसाने गळा कापला होता मेल्याने. गाठ आणखी वाढली तर ऑपरेशनही हातचं जाईल, असं मावशीचे इस्पितळातले डॉक्टर कधीपासून बजावत होते.

ती तडक घरी आली. मावशी इस्त्री करत होती.

"उद्याच ऑपरेशनची तारीख घेऊ," ती दारातूनच म्हणाली. "सरांनी फसवलं गं आपल्याला."

मग तिने सगळं सांगितलं. सांगताना रडली, सरांना नाही नाही ते बोलली. मावशी शर्टावर इस्त्री फिरवत राहिली. शेवटी इस्त्री बाजूला उभी करून ठेवली.

"तुझ्या सरांची नि माझी ओळख ती केवढीशी! त्यांच्या सांगण्यावर मी कशाला थांबेन?"

"मग?"

"ते बोलत होते तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू मान डोलावलीस."

"मावशी, मला खरंच माहीत नव्हतं."

"नसेल." मावशीने शर्टाची बाही सरळ केली. "उद्या शेजारीण येईल माझ्याबरोबर. तू नको येऊस."