सिस्टरच्या खिडकीतले ऑर्किड

मी एक जुने ऑर्किड आहे. आम्हाला आमरी असेही म्हणतात, पण आमच्या घरात ते नाव कोणी घेतले नाही. बालमित्रांनो, माझा जन्म मातीत झाला नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीत, दाटीवाटीने वाढणाऱ्या भावंडांत मी उगवले. पुढे रोपवाटिकेत फुलले आणि एका आजारी माणसाला भेट म्हणून इस्पितळात गेले. फुले गळली, तसे मला कचऱ्याच्या डब्यात टाकण्यात आले.

तिथून मला उचलले ते वॉर्डातल्या सिस्टरने. तिने माझी मुळे बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाली, "अजून जीव आहे की याच्यात."

तिचा नवरा काचा कापून बसवणारा कारागीर होता. तिच्या हौसेपायी त्याने बाहेरच्या खोलीला मोठी खिडकी बसवून दिली. तिथे माझ्यासारखी आणखी ऑर्किडे गोळा झाली. थंडी सरली की आम्ही मागच्या अंगणात, झाडाच्या सावलीत जात असू. वारा, पाऊस, पाखरांची वर्दळ! पावसाळा संपता संपता आमची पाने जाड आणि चकचकीत होत.

थंडी पडायच्या आधी आम्हाला पुन्हा आत घेणे मात्र सोपे नव्हते. "बाहेरून आलेला पेशंट सरळ वॉर्डात घ्यायचा नसतो," सिस्टर म्हणायची. आधी ती कुंडी पाण्यात बुडवून ठेवी, म्हणजे आत दडलेल्या मुंग्या वर येत. मग पाने मागूनपुढून पुसून आम्हाला काही दिवस जिन्याखाली वेगळे ठेवी.

"मला कधी एवढं पुसलं नाहीस," नवरा म्हणायचा.

"तुम्हाला कीड लागू दे, मग बघू."

एका उन्हाळ्यात कीड तिलाच लागली. पोटाचे दुखणे होते. निदान झाले तोवर ते फार पसरले होते. आतल्या खोलीत तिचा पलंग आला. दिवस गार व्हायला लागले तसे ती म्हणाली, "अहो, झाडं आत घ्या आता. पण नीट बघून घ्या."

"घेतो," तो म्हणाला. पण दुकान, इस्पितळाच्या खेपा, औषधे आणि स्वयंपाक यांत तो पार पिचून गेला होता. आम्ही अंगणातच राहिलो. मग एका संध्याकाळी बोचरा वारा सुटला. तो धावत आला आणि दोन्ही हातांत कुंड्या धरून त्याने आम्हाला भराभर खिडकीत नेऊन ठेवले. पानाला पान लागले होते. मला तेवढे त्याने तिच्या खोलीत, स्टुलावर ठेवले.

"पानं मागून पुसली ना?" तिने विचारले.

"पुसली."

त्याने पुसली नव्हती. तो खोटारडा माणूस नव्हता, मित्रांनो. तो दमलेला होता.

खिडकीतल्या झाडांच्या पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे ठिपके होते. त्यांना पिठ्या ढेकूण म्हणतात. बंद, उबदार खोलीत ते झपाट्याने वाढले. त्याला दिसले तेव्हा पाने चिकट होऊन पिवळी पडली होती. कोणाला विचारायला जावे, तर बायकोपर्यंत गोष्ट गेली असती. त्याने बाजारातून औषध आणले आणि लवकर गुण यावा म्हणून दाट कालवून फवारले. पाने करपली. मग तो एकेक कुंडी जाकिटाखाली झाकून मागच्या दाराने बाहेर नेऊ लागला. मला उघड्या दारातून ते दिसत होते.

एकदा तो परत आला, तेव्हा ती जागी होती.

"किती राहिलीत?"

"आहेत की सगळी."

"अहो, पलंगावरून दार दिसतं मला."

तो उंबऱ्यातच उभा राहिला. मग ती म्हणाली, "मला आधी सांगितलं असतं, तर निम्मी तरी वाचली असती. या, बसा इथे. कापूस आणि स्पिरिट घ्या. याचं पान उलटं करा."

माझ्याही पानामागे दोन ठिपके होते. ती सांगत गेली, तो टिपत गेला. काचेवर कधी न चुकलेला त्याचा हात पानावर जोराने फिरत होता. "घासू नका. नुसतं टेकवा," ती म्हणाली आणि दमून तिने डोळे मिटले.

मी वाचले. खिडकीतले एकही झाड वाचले नाही. थंडी सरायच्या आधी सिस्टर गेली. तेव्हा माझ्या फुलाच्या दांड्यावर नुसत्या कळ्या होत्या. त्या उमलल्या तेव्हा पलंग नेलेला होता आणि भिंतीवर त्याच्या कडेची रेघ राहिली होती. कारागिराने एकदा फुलांकडे पाहिले आणि तो कामावर निघून गेला.

आता पावसाळ्यानंतर तोच मला आत घेतो. पाने पुसायला त्याला बराच वेळ लागतो.

मित्रांनो, घरात कोणी अंथरुणाला खिळले की मोठी माणसे थकतात, विसरतात आणि झालेली चूक झाकून ठेवतात. तेव्हा त्यांच्याजवळ जा आणि विचारा, "मी काय करू?" तुमची बोटे लहान आहेत, ती पानांच्या बेचक्यांत सहज पोचतात. आमच्या घरी असे विचारणारे कोणी नव्हते.