पांढरी चकती

उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मच्छिंद्र एकोणीस वर्षं वेल्डिंग करत होता. आता त्याचा उजवा हात थरथरायचा. चहाच्या वेळी शेजारचा भिमाजी हटकून विचारायचा, "पितो का शिंपडतो रं?"

धुरातल्या मँगनीजने असं होऊ शकतं, हे अपूर्वाला ठाऊक होतं. रसायनशास्त्र शिकून ती नुकतीच केडगावच्या एका प्रयोगशाळेत लागली होती. कारखान्यातला धूर मोजायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा मोजणीसाठी तिने मच्छिंद्रलाच निवडलं. मॅनेजर सुहास म्हणाला होता, "आकडा मर्यादेच्या वर आला, तर महिन्याभरात धूर ओढणारे पंखे बसवतो."

तिने मच्छिंद्रच्या कमरेला छोटा पंप बांधला, कॉलरला त्याच्या नळीची गोल डबी अडकवली. डबीत धूर टिपणारी कोरी पांढरी चकती.

"तुम्ही घेता तीच हवा ही डबी घेणार. दिवसभर सांभाळा हं, दादा. महागाची आहे."

दर तासाला जाऊन बघायचं, असा नियम होता. दोनदा ती गेली. डबी जागेवर होती. पण डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला, आणि उरलेला दिवस ती ऑफिसातच बसली. संध्याकाळी चकती जवळजवळ पांढरीच निघाली. तिला नवल वाटलं. तरी तिने फॉर्मवर 'दर तासाला पाहणी केली' असं लिहून सही ठोकली.

पंधरा दिवसांनी अहवाल सुहासच्या हाती देऊन ती निघाली. आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली होता. मच्छिंद्रने तिला दारातच गाठलं.

"ताई, डबी कोरी ऱ्हायली ना? लई जपली बगा. मोठा जोड आला की पंपासकट काढून मोहटादेवीच्या फोटोपाशी ठेवायचो. धुरात पार काळी झाली असती, तुमाला बोलनी बसली असती."

शेडच्या पार टोकाला, उघड्या खिडकीशेजारी देवीचा फोटो होता. त्याला ताजा झेंडूचा हार. अपूर्वाने दिवसभर देवीची हवा मोजली होती.

ती तशीच केबिनमध्ये परतली. "हा अहवाल रद्द करा. धूर असताना डबी दादांच्या अंगावर नव्हतीच, ते स्वतः सांगतायत."

सुहासने तिचाच फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "दर तासाला पाहिलंत, असं लिहिलंय. खोटं कोण बोलतंय मॅडम, तो का तुम्ही?"

"मी."

तिने अहवालावर आडवी रेघ मारून सही केली.

"बरं झालं," सुहास म्हणाला. "खोट्या सह्या करणारी लॅब परत नको. आणि त्याचा हात थरथरतोय, तर सोमवारपासून त्याला गेटवर बसवतो. पगार वॉचमनचा."

"आणि पंखे?"

"आकडा कुठाय?"

बाहेर मच्छिंद्र थांबलाच होता. "पंखा कवा बसनार, ताई?"

"दादा, डबी काळीच व्हायला हवी होती."

त्याने थरथरता हात डाव्या हातात धरला.

"मंग सांभाळा का म्हनाल्या हुत्या?"