पाय लावला म्हणून नमस्कार

"आधी पाय घाला, मावशी, मग हात." आमचा प्रशिक्षक सुदर्शन, त्याचा हा आवाज माझ्या पट्ट्यापट्ट्यांत मुरला आहे.

मित्रांनो, मी एक जुना हार्नेस आहे. विमानातून जोडीने उडी मारताना पाहुण्याला प्रशिक्षकाच्या छातीशी बांधून ठेवणारा नायलॉनचा साज. छत्री प्रशिक्षकाच्या पाठीवर असते, त्यामुळे कौतुक सगळं तिचं. आणि ज्याने माणूस धरून ठेवला, त्याला उतरताक्षणी धुळीत फेकायचं! माझ्यावर बसून लोक चहा पितात. बाराशे उड्यांत मी एकालाही सोडलं नाही. मग राग येऊ नये का?

हिवाळ्यात लातूरजवळच्या एका माळावर आमचा तळ पडतो. यंदा एका सोमवारी तिथे कंधारच्या कस्तुराबाई आल्या. गोधड्या शिवणाऱ्या. साठी झाली म्हणून भाचीने, गीतांजलीने, त्यांना ही उडी भेट दिली होती.

"आत्या, आज तरी उपास सोडायचा होता."

"देवाच्या इतक्या जवळ जायलेय, अन् सोमवार मोडू व्हय?"

सुदर्शनने मला जमिनीवर पसरलं. बाईंनी पाय उचलला आणि थांबल्या.

"ज्याच्या भरवशावर वर जायचं, त्यालाच पाय लावू का रे बाळा?"

"लावावाच लागतो, मावशी."

त्यांनी पाय घातला, आणि लगेच वाकून मला हात लावला. बाराशे उड्यांत पहिल्यांदाच! पण तो हात कपाळापर्यंत गेलाच नाही. मांडीच्या पट्ट्यावर काळी टेप होती. तळाच्या मालकांनी गुपचूप चिकटवलेली, आणि सुदर्शनने घाईत न पाहिलेली. बाईंनी ती नखाने उचलली. खाली शिवण उसवली होती.

"दोनच टाके तर गेलेत," मालक म्हणाले. "पुढच्या आठवड्यात शिवून घेऊ."

"साहेब, गोधडीचा टाका गेला तर थंडी वाजते," बाई हळूच म्हणाल्या. "ह्याचा गेला तर?"

सुदर्शनचा चेहरा उतरला. त्याने दुसरा हार्नेस आणला, शिवण न् शिवण तपासली, आणि ते दोघे वर गेले. मी खालून पाहत होतो. आधी एक ठिपका, मग उघडलेली छत्री, मग पाय वर धरून गवतावर बसतच उतरलेल्या कस्तुराबाई.

"गीते, समदं रान ठिगळाठिगळाचं दिसायलंय वरून. कुणी शिवलं असंल गं एवढं नीट?"

फोटोसाठी सगळे हाका मारत होते, पण त्या आधी माझ्यापाशी आल्या. राहिलेला नमस्कार पुरा केला. मग सुदर्शनला म्हणाल्या, "हा आता कुणाच्याच अंगावर चढवायचा न्हाई. सोमवारचा शब्द दे."

"दिला, मावशी."

त्या गेल्या आणि मालकांनी हाक दिली, "सुदर्शन, साडेतीनचे पाहुणे आलेत. त्या जुन्या हार्नेसला नवी टेप मार!"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मी वेगळं मागतो. आमची शिवण उसवली तर ती झाकू नका. मला थांबवा, कापून टाका हवं तर. पण कुणाला सोडलं नाही, हा माझा एवढा एकच मान, तो टेप लावून हिरावून घेऊ नका!

सुदर्शनने मला धुळीतून दोन्ही हातांवर उचललं, मेजावरची मोठी कात्री घेतली आणि तो तंबूमागे चालू लागला.