सुंदरबाईचा तिसरा अंक

हर्षाने भैय्यालालच्या हातातून संहिता काढून घेतली, तेव्हा पेटी वाजवणाराही थांबला. साकोलीतल्या भाड्याच्या सभागृहात तालीम चालू होती. तिसऱ्या अंकाच्या मधोमध लाल पेनाने लिहिलं होतं, 'इथे गाणं.'

"नवऱ्याचा मुडदा आत्ताच तलावातून काढला, भाऊ. आनि थे बाई नाचते?"

"नाटकात गानं लागते, हर्षा. नाही तं लोकं उठून जाते."

भैय्यालाल शांतपणे बोलत होता. नाट्यमंडळ त्याचं होतं. नऊ वर्षं हर्षा त्याच्यासाठी संवाद लिहीत आली होती आणि नऊ वर्षं पत्रकावर लेखक म्हणून त्याचंच नाव छापलं गेलं होतं. हे पहिलं नाटक तिने स्वतःच्या नावाच्या अटीवर दिलं होतं.

"मंग मीच उठून जातो," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर आली.

नाटक मासेमारी करणाऱ्या एका ढिवर बाईचं होतं. नवरा बुडून मेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचं जाळं खांद्यावर टाकून पाण्यात उतरलेल्या बाईचं. हर्षाच्या गावात अशी बाई होती. सुंदरबाईचा नवरा डोमा गेला, तेव्हा बाईच्या हातचं जाळं तलावात पडू नये म्हणून गावचे पुरुष तलावाच्या पाळीवर, बांधावर, तिला आडवे उभे राहिले होते. ती त्यांच्या मधून चालत गेली होती. त्याला बावीस वर्षं झाली. अजूनही ती तलावातली मासोळी स्वतः धरून बाजारात नेत असे.

दुसऱ्या दिवशी हर्षा तिच्या अंगणात जाऊन बसली.

"काकी, हे काम तुमीच करा. नाटक आपन गावातच करू."

"मले वाचता येत नाही."

"मी वाचतो. तुमी ऐका."

सुंदरबाई बराच वेळ मासोळीचे खवले काढत राहिली.

"डोमाचं काम कोन करन?"

"तुमच्या शेजारचा मंगेश. त्याले फक्त पडून राहाचं आहे."

"थो पोट्टा एका जागी पडून राह्यते काय," सुंदरबाई म्हणाली, आणि हर्षाला कळलं की ती तयार आहे.

दीड महिना शाळेच्या व्हरांड्यात तालीम चालली. पहिले दोन अंक सुंदरबाईने सहज पेलले. तिसऱ्यात प्रेताजवळ दोन पानांचा विलाप होता. हर्षाला तो नाटकातला सगळ्यात चांगला भाग वाटे. त्यातला शब्द इकडचा तिकडे झालेला तिला खपत नसे. सुंदरबाई मात्र दर वेळी तिथे येऊन थांबायची.

"मी रडली नोती, बाई."

"मले माहीत आहे, काकी. पन नाटकात रडावं लागते."

सुंदरबाईने तिच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. मग खाली मान घालून पहिल्या वाक्यापासून पुन्हा पाठ म्हणू लागली.

धानाची मळणी आटोपल्यावर एका रविवारी दुपारी चार वाजता शाळेच्या पटांगणात पडदा उघडला. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. मागच्या खुर्चीवर, गॉगल न काढता, भैय्यालालही बसला होता. हर्षा विंगेत संहिता उघडून उभी राहिली.

तिसरा अंक आला. मंगेश चादरीखाली निपचित पडला. सुंदरबाई आली, त्याच्या उशाशी उभी राहिली आणि काहीच बोलली नाही.

हर्षाने हलक्या आवाजात पहिलं वाक्य दिलं. सुंदरबाई हलली नाही. हर्षाने ते पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. तेव्हा सुंदरबाईने मान वळवून विंगेकडे पाहिलं. विसरलेल्या माणसाची नजर ती नव्हती.

मागे कुणीतरी खोकलं. तिसऱ्यांदा सांगण्यासाठी हर्षाचं तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं. संहिताही मिटली आणि ती दोन पावलं मागे सरकली.

सुंदरबाई खाली बसली. प्रेताजवळचं जाळं तिने मांडीवर ओढलं आणि त्यात अडकलेलं गवत एकेक काडी काढून बाजूला ठेवू लागली. पटांगणात कुणी हललं नाही. सगळं जाळं हातांखालून गेल्यावर ती चादरीकडे पाहून म्हणाली,

"तू गेला. जाळं तं साबूत आहे. परवा मी टाकतो. कोन अडवते, पाहतो मी."

समोर बसलेल्या पुरुषांपैकी दोघा-तिघांच्या माना खाली गेल्या. बायकांच्या बाजूने एक म्हातारा आवाज आला, "हो." सुंदरबाई जाळं खांद्यावर घेऊन निघून गेली. टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

विंगेत हर्षाला नजर वर करता येईना.

"माझ्यानं ऐकनं झालं नाही, काकी," ती म्हणाली.

"आज ऐकलं ना," सुंदरबाई म्हणाली आणि पाणी मागितलं.

भैय्यालाल मागच्या बाजूने आला. गॉगल आता त्याच्या हातात होता.

"या हंगामात लावू. गानं नाही. पत्रकावर तुझंच नाव. संहिता दे, नागपूरच्या नटीले पाठ कराले लागन."

"तिसरा अंक यात नाही, भाऊ," हर्षा म्हणाली. "थो काकीजवळ आहे. काम काकीच करन. त्यायले विचारा."

भैय्यालालने गॉगल खिशात घातला. मग सुंदरबाईकडे वळला. बोलताना तो किंचित वाकला.

"बाई, येता काय आमच्यासंगं?"

सुंदरबाईने तांब्या खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं.

"मंगळवारी माझा बजार असते," ती म्हणाली. "मंगळवार सोडून सांगजा."