पाणी टाकू नको

बाथरूमच्या दारावर टकटक करायला उचललेला हात खंडेरावांनी पुन्हा खाली घेतला. आत त्यांची लेक आरोही होती. मघाशी तिला धरून इथवर आणताना तिच्या मांड्या लाकडासारख्या घट्ट लागल्या होत्या.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आलेली. परीक्षेपायी तिचा सराव सुटला होता. ती कसर भरून काढायला खंडेरावांनी तिच्याकडून पंचवटीतल्या जुन्या तालमीच्या हिशेबाने बैठका काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी तिला जिना उतरवेना, तर आणखी काढायला लावल्या. आखडलेलं अंग बैठकांनीच सुटतं आणि मेहनतीवर पाणी पिऊ नये, हे त्यांना वस्तादांनी शिकवलेलं. वस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण त्याच तालमीत केरू होता. पैजेच्या बैठकांनंतर त्याच्या मांड्या अशाच फुगल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. उष्णता आहे म्हणून वस्तादांनी त्याला सब्जा पाजला. केरू पुढे आखाड्यात आला नाही. त्याला पोचवायला सगळी तालीम अमरधामला गेली होती.

विचारायचा प्रश्न एकच होता, आणि तो बापाच्या तोंडून निघत नव्हता. आईविना वाढलेल्या पोरीला असलं सगळं शेजारच्या सुलाबाई विचारायच्या, आणि त्या नेमक्या मनमाडला लेकीकडे गेलेल्या. सकाळी खंडेरावांनी आडून विचारून पाहिलं, तर पोट दुखतंय म्हणून तिने तोंड फिरवलं. मग कोणता बाप पुढे बोलेल? भल्याभल्यांना चीत केलेला हा गडी एका पत्र्याच्या दारापुढे घामाघूम झाला होता.

आत बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला.

"आरू, पाणी टाकू नको. मला बघू दे."

बऱ्याच वेळाने कडी निघाली.

"कालपासून असंच आहे, अण्णा," ती खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, पाळी असेल. तुम्हाला कसं सांगणार?"

त्यांनी पाहिलं. लघवी काळ्या चहासारखीच होती. तिला उचलून त्यांनी रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगाला विसावाच मिळाला नाही, त्यामुळे स्नायू तुटून त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतोय. सलाईनने धुऊन निघाला तर ठीक, नाहीतर डायलिसिस. लघवीचा रंग निवळतोय का, तेवढं बघत राहा.

मग बापलेकीत दुसरं बोलणंच उरलं नाही. नर्स तिला धरून लघवीला घेऊन जायची आणि परत आणलं की आरोही नुसती नाही म्हणून मान हलवायची. खंडेरावांच्या घशाखाली चहासुद्धा उतरेना. चहाचा रंगच त्यांना बघवत नव्हता.

एका दुपारी वॉर्डात नातेवाईक डबे उघडून बसले असताना आरोही भिंत धरत एकटीच गेली. दार लागलं. खंडेराव बाहेर उभे राहिले. केरूची आई अशीच उभी होती, हे त्यांना उगीचच आठवलं.

"अण्णा," आतून आलेली हाक सगळ्या वॉर्डाने ऐकली, "पिवळी झाली."

लोकांचे घास हातातच राहिले. खंडेराव तिथेच फरशीवर बसले आणि सगळ्यांदेखत त्यांनी मोठ्याने विचारलं,

"नीट बघितलीस ना, पोरी?"